न शिवलेला कावळा

अमावस्या सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाई अंगणात यायची आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "पोरीला कावळा शिवलाय गो. कुणी अंगाला लागू नका."

मग संजीवनी घोंगडी, तांब्या-ताट आणि दोन पुस्तकं घेऊन गोठ्याच्या अंगाला असलेल्या पडवीत जायची. तीन दिवस बाहेर बसणं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर त्या धनगरवाडीचे अठरा उंबरे होते आणि अठराही उंबऱ्यांत ही रीत अजून चालत होती. कुणाच्या लेकीला पहिल्यांदा कावळा शिवला, कुणाच्या सुनेचा महिना चुकला, हे वाडीला न विचारता कळायचं. पडवी भरलेली की रिकामी, एवढं येताजाता दिसलं की झालं.

पण चिमाबाईच्या पडवीत तीन वर्षांत एकदाही कावळा उतरला नव्हता. संजीवनी एकोणीस वर्षांची झाली, बारावी झाली, आणि तिला पाळी एकदाही आली नव्हती. हे फक्त दोघींना ठाऊक होतं. मायलेकींनी मिळून एक न झालेली गोष्ट दर महिन्याला तीन दिवस पाळली होती.

याचं मूळ एका कालवडीत होतं. घरची तांबडी गाय जुळं व्याली, एक खोंड नि एक कालवड. कालवड दिसायला देखणी, कपाळावर पांढरा टिळा. पण वय झालं तरी ती काही गाभण राहिना. तिला वळूकडं नेऊन नेऊन शेवटी नाथू, संजीवनीचा बाप, दावं सोडता सोडता म्हणाला, की खोंडासंगं आलेली कालवड रितीच असती, पोटात असतानाच तो हिच्या वाट्याचं खाऊन येतो. गुरं राखणाऱ्या माणसाचं बोलणं. त्यात दुष्टावा नव्हता. चार पिढ्यांनी पाहिलेलं तो सांगत होता.

तेव्हा चिमाबाई ताक घुसळत होती. तिचा हात दोरीवरच थांबला. समोर ओट्यावर तिचं जुळं बसलं होतं, सोळा वर्षांचं. राजू उंचीनं बापाच्या डोक्याला लागलेला. संजीवनी त्याच्या कोपराएवढी, मान आखूड नि रुंद, केस मानेवर खालपर्यंत उतरलेले, छाती पोरासारखी सपाट. चिमाबाई ताक घुसळताना एक ओवी म्हणायची, तिनंच कधीतरी जुळवलेली:

जुळं आलं घरा, एक चांद एक चांदणी
चांद चढे वर, माझी चांदणी अंगणी

त्या दिवसापासून तिनं ती ओवी सोडली. आणि पुढच्या अमावस्येनंतर अंगणात येऊन पहिल्यांदा मोठ्यानं खोटं बोलली. पोरीला तिनं भावाची आण घातली, की हे कुणाला सांगशील तर राजूचं वाईट होईल. डॉक्टरकडं नेण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. कालवडीला कुणी डॉक्टरकडं नेलं होतं? जे जोडीनंच आलं त्याला औषध कुठलं?

ओट्यावर बसलेल्या राजूनंही बापाचं बोलणं ऐकलं होतं. दोन वर्षांनी तो वीर स्टेशनवर रिक्षा चालवायला गेला, आणि सणावाराला आला की बहिणीशी डोळ्याला डोळा न देता बोलायचा.

अशात कार्तिकात पाचाडच्या वरच्या वाडीतलं स्थळ आलं. मुलगा चांगू, शेळ्या राखतो, बोलायला मऊ. मुलगी बुटकी आहे हे त्यांना दिसलं आणि चाललं. रविवारी सुपारी फुटायची ठरली. संजीवनीनं आईला एवढंच म्हटलं, की त्यांना आधी सांगूया. चिमाबाई म्हणाली, कितीतरी बायांना पोर होत नाही, लग्नानंतर कोण कुणाला विचारतंय. संजीवनी म्हणाली, ते विचारणार नाहीत म्हणूनच सांगायला हवं. चिमाबाईनं पुन्हा राजूची आण काढली. बोलणं तिथंच संपलं.

सुपारीला तीन दिवस उरले होते. अमावस्या बुधवारी झाली. गुरुवारी सकाळी चिमाबाई रीतीप्रमाणं अंगणात आली, रीतीप्रमाणं बोलली. नाथू गुरं घेऊन पलीकडच्या सड्यावर, माथ्यावरच्या पठारावर गेला होता. बाहेर बसलेल्या बाईला चूल नसते, पण रान असतं. म्हणून संजीवनी जळणाची फाटी आणायला उतरली. आठवड्याभरापासून तिचं डोकं ठणकत होतं, पाठीत खांद्यांच्या मधोमध काहीतरी ओढल्यासारखं दुखत होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सुपारीच्या धावपळीत डोकेदुखी कोण सांगतं?

मोळी घेऊन शेवटचा चढ चढताना तिच्या नाकातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार. ती मोळीसकट गुडघ्यावर आली आणि तिथंच आडवी झाली.

कुणीतरी हाक मारली म्हणून चिमाबाई धावली. पोलकं लाल झालेलं पाहून ती क्षणभर नुसती उभी राहिली. तीन वर्षं ज्या रक्ताची वाट पाहिली ते असं, नाकातून आलं होतं.

वाडीतले चौघे पुरुष जमले. डोली करायला घोंगडी आणली, बांबू आणला. आणि मग थांबले. एकमेकांकडं पाहू लागले. सकाळीच अंगणात ऐकलं होतं त्यांनी, कुणी अंगाला लागू नका. त्यातल्या एकाच्या घरात देव बसलेला, दुसऱ्याला संध्याकाळी जागरणाला जायचं होतं. कुणी वाईट नव्हतं. पण पाय पुढं पडेनात. बाया म्हणाल्या, आपण उचलू. पण तासाभराची उतरण, बायांना डोली पेलायची कशी?

चिमाबाईनं एक वाक्य म्हणायचं होतं. पोर कोरडी हाय, कावळा-बिवळा काय नाय, उचला. चार खांदे तयार होते. तिनं तोंड उघडलं, मिटलं.

तेवढ्यात राजू आला. सुपारीसाठी तो आदल्या दिवशीच वर आला होता, रिक्षा खाली रस्त्याला लावून. त्यानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं, बहिणीसमोर पाठ करून खाली बसला.

"बस संजे. मला तुझा कसला इटाळ? नऊ महिने चिकटूनच होतो."

त्यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि उतरू लागला. चिमाबाई मागनं धावत होती, पदरानं पोरीचं नाक पुसत. वाट दगडांची, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. संजीवनीचं डोकं भावाच्या खांद्यावर पडलेलं, पाय त्याच्या मांड्यांवर आपटत होते. अर्ध्या वाटेत तो थांबला, तिचं पाऊल हातात धरून म्हणाला, "आये, हिचे पाय असे गार का गो?"

चिमाबाईला तिच्या जन्माचा दिवस आठवला. राजूचे पाय सुकलेल्या काड्या, आणि हिचे पावलांवर पुरीसारखे फुगलेले. सुईणीनं बोटानं दाबून पाहिलं होतं. दाबलेला खळगा कितीतरी वेळ भरला नव्हता. महिन्या-दोन महिन्यांनी सूज गेली, आणि सगळे विसरले.

महाडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. खाजगी दवाखाना, वरती वीस खाटा, खाली गर्दी. डॉक्टर प्रियदर्शिनी तिशीच्या आतली, पुण्याकडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. एकटीच होती आणि दाराबाहेर तीस माणसं. तिनं दंडाला पट्टा बांधला. पारा चढत गेला. एकशे नव्वद. तिनं पट्टा काढून दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा तेवढंच.

एकोणीस वर्षांच्या पोरीला एवढं प्रेशर नसतं, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिनं संजीवनीचे केस वर उचलून मानेकडं पाहिलं. उंची विचारली. कागदावर काही लिहिलं, खोडलं. आणि विचारलं, "पाळी नीट येते?"

संजीवनीनं आईकडं पाहिलं. चिमाबाईनं दाराकडं.

दारात तुळजाबाई उभी होती. ती चांगूची आत्या. वीस वर्षं या दवाखान्यात आया म्हणून काम करत होती; सगळं महाड तिला मावशी म्हणायचं. सुपारीच्या बोलण्यात तिचा शब्द मोठा होता. होणारी सून आली आहे कळल्यावर ती दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली होती, आणि आता पडदा धरून उभी होती.

"येते," चिमाबाई म्हणाली. "अमावस्येला. तीन दिस. आताबी बाहेरचीच हाय ती."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आई, मी का विचारते ते ऐका. काही मुलींमध्ये जन्मापासून एक गोष्ट कमी असते. त्यांची उंची वाढत नाही, मान अशी असते, पाळी येत नाही. आणि त्यांच्यातल्या काहींच्या हृदयातून निघणारी मोठी नळी अरुंद असते. तसं असेल तर प्रेशर असंच चढतं, आणि ती नळी फाटू शकते. तसं असेल तर मी हिला आज घरी सोडणार नाही, आत्ताच्या आत्ता मुंबईला पाठवीन. पण पाळी नियमित येत असेल तर मग बहुतेक ते नाही. मग मूत्रपिंड वगैरे बघावं लागेल, त्याला वेळ आहे. म्हणून परत विचारते. येते?"

पंखा फिरत होता. तुळजाबाईच्या हातातला पडदा हलत होता.

चिमाबाईला सगळं कळलं होतं. फाटू शकते, हेही. पण पडद्यापाशी पाचाडची वाडी उभी होती, तिच्यामागं आपली वाडी, अठरा उंबरे, तीन वर्षांच्या अमावस्या. आज खरं बोलायचं तर त्या सगळ्या एकदम खोट्या पडणार होत्या. पोरीला पाहायला पुन्हा कोण चढून येणार होतं?

"येते," ती म्हणाली.

डॉक्टरनं संजीवनीलाही विचारलं. संजीवनीनं दारापाशी भिंतीला टेकलेल्या राजूकडं पाहिलं, ज्याची आण होती त्याच्याकडं, आणि मान खाली घातली. डॉक्टरनं ते हो असं धरलं. प्रेशरची गोळी जिभेखाली ठेवली, लघवी तपासायला सांगितली. संध्याकाळपर्यंत प्रेशर उतरलं तर घरी जा, सोमवारी या, फार चढउतार करू नका, असं सांगून तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

धनगरवाडीला चढउतार केल्याशिवाय जाता येत नाही, हे कुणी बोललं नाही.

लघवीची बाटली घेऊन तुळजाबाई पुढं झाली. चिमाबाई आडवी आली, ती बाहेरची आहे, मी नेते म्हणाली. तुळजाबाईनं तिला हातानंच बाजूला केलं. म्हणाली, मी दिवसाकाठी चार बाळंतपणं धुते, मला कुठला विटाळ. संजीवनीला भोवळ येत होती म्हणून तिनं तिला कमरेला धरून नेलं, आत बसवलं, उठवलं, परकराची नाडी बांधून दिली. परत येताना तिचा चेहरा आधीसारखाच होता. पोरीला तिनं डॉक्टरच्या दाराशी बाकावर राजूजवळ बसवलं. मग चिमाबाईला बोटानं खुणावलं आणि जिन्याखाली, जिथं फरशी पुसायच्या बादल्या ठेवतात तिथं घेऊन गेली.

"कोरडी हाय पोर," तुळजाबाई म्हणाली.

चिमाबाई बादलीकडं बघत राहिली.

"वीस वर्सं झाली मला हितं. बाहेरची कोण नि कोरडी कोण, मला कळत नाय व्हय? आणि दर अमावस्येला? एक दिस म्होरं नाय, एक दिस मागं नाय? कावळ्याला काय पंचांग कळतं गो?"

मग चिमाबाईच्या तोंडून जे आलं ते तिचं तिलाच ऐकवेना. "आत्याबाई, रविवारी सुपारी हाय."

"सुपारी फोडाया पोर जित्ती पायजे."

वर कुठंतरी बाळ रडलं. तुळजाबाईनं वर पाहिलं, पुन्हा खाली. आवाज उतरवून म्हणाली, "मी आत जाऊन सांगू शकते. आत्ता. पण मी बोलले तर ती चुगली व्हईल. उद्या तुमची वाडी म्हणंल, पाचाडवालीनं पोरीवर आळ घेतला, नि तू बी तेच म्हणशील, नाय नाय करत पोरीला डोंगरावर घेऊन जाशील. तू बोललीस तर औषध व्हईल. जा."

"आणि चांगू?"

"ते मग बघू. मी काय वचन देत नाय तुला."

चिमाबाई जिन्याखालून निघाली. दवाखान्याची ओसरी वीस पावलांची. बाकावर तिची दोन्ही पोरं बसली होती. राजूनं बहिणीची पावलं मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी चोळत होता, जशी थंडीत जन्मलेली कोकरं चोळतात. चोळून चोळून त्याच्या कपाळावर घाम आला होता. पावलं तशीच पांढरी.

ती थांबली नाही. पडदा बाजूला करून आत शिरली. आत हाताला पट्टी बांधलेला एक माणूस आणि त्याची बायको बसली होती. डॉक्टर म्हणाली, थांबा जरा बाहेर. चिमाबाई थांबली नाही.

"बाय," ती म्हणाली, "कावळा कधी शिवलाच नाय."

डॉक्टरला कळेना. "कावळा? कुठे चावला?"

पट्टीवाल्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. चिमाबाईचा चेहरा तापला. आयुष्यभर ज्या शब्दाआड ती लपली होती तो शब्दच इथं चालत नव्हता, आणि दुसरा शब्द तिच्या तोंडात कधी आलाच नव्हता. ती पुन्हा म्हणाली, शिवला नाय, कधीच नाय, मी खोटं सांगत आले. डॉक्टर तिच्याकडं बघत होती. तिला समजत होतं आणि निसटत होतं.

मागनं आवाज आला. संजीवनी भावाच्या आधारानं पडद्यापाशी उभी होती. आईनं आण मोडली होती. आता ती मोकळी होती.

"डॉक्टर, मला पाळी कधीच आलेली नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठली. पट्टीवाल्याला बाहेर जायला सांगितलं. संजीवनीला आडवं केलं आणि पट्टा या वेळी दंडाला नाही, मांडीला बांधला. गुडघ्यामागं स्टेथोस्कोप लावून ऐकू लागली. पारा वर चढला आणि उतरू लागला. एकशे नव्वद गेले, काही ऐकू आलं नाही. एकशे पन्नास गेले. एकशे वीस. चिमाबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण पारा उतरताना दिसत होता, आणि डॉक्टरच्या तोंडावरचा रंग त्याच्यासोबत उतरताना दिसत होता. शंभरही गेले. तेव्हा कुठं ठोका ऐकू आला आणि डॉक्टरनं मान हलवली. हातात एकशे नव्वद, पायात शंभरही नाही; खाली रक्त नीट पोचतच नव्हतं. मग तिनं नाडी शोधायला पावलावर दोन बोटं ठेवली, जागा बदलली, पुन्हा ठेवली.

"मावशी," ती म्हणाली, "अँब्युलन्स."

तुळजाबाई केव्हाच फोनपाशी गेली होती.

महामार्गावर माणगावच्या पुढं संजीवनीनं राजूकडं फोन मागितला. डॉक्टरनं हलू नको म्हटलं होतं, बोटं हलवू नको असं म्हटलं नव्हतं. तिनं चांगूला लिहिलं, की मला पाळी येत नाही, बहुतेक मूल होणार नाही, हे रविवारच्या आधी तुम्हाला कळायला हवं होतं, उशीर झाला, माफ करा. आईला वाचून दाखवलं. चिमाबाईनं ऐकलं. अँब्युलन्सच्या काचेवर तिचं डोकं टेकलेलं होतं. ती म्हणाली, पाठव.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नळीचा फोटो काढला. जिथं अंगठ्याएवढी हवी तिथं ती गव्हाच्या काडीएवढी झाली होती, आणि काडीच्या मागं फुगवटा आला होता. मांडीतून तार घालून त्यांनी ती जागा रुंद केली, आत जाळी बसवली. तिथल्या डॉक्टरांनी नाथूला विचारलं, की ही आणखी एक मोळी घेऊन चढली असती तर? रविवारी नाथू एकटाच पाचाडला गेला होता, स्वतःच्या तोंडानं सांगायला. चहा दिला त्यांनी त्याला. सुपारी फुटली नाही. चांगूच्या आईनं निरोप दिला की आम्ही दुसरीकडं बघतो. चांगूचे दोनच शब्द आले, फोनवर: बऱ्या व्हा. ते दोन शब्द वाचून संजीवनी रडली, आणि तेवढंच रडली.

रक्ताचा अहवाल यायला महिना लागला. तो सांगायला डॉक्टर प्रियदर्शिनीनं त्यांना महाडलाच बोलावलं. अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. त्या महिन्यात अंगणात कुणी काही बोललं नव्हतं, आणि पडवीत नाथूनं शेळीची करडं बांधली होती.

डॉक्टरनं कागदावर जोड्या काढल्या, चपलांच्या जोडांसारख्या. माणसाच्या प्रत्येक पेशीत अशा तेवीस जोड्या, म्हणजे शेहेचाळीस गुणसूत्रं. शेवटची जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते. मुलीत दोन एक्स असतात, मुलात एक एक्स नि एक वाय. संजीवनीच्या रक्तात पंचेचाळीसच सापडली. शेवटच्या जोडीतला एक एक्स होता, दुसऱ्याची जागा रिकामी.

चिमाबाईनं विचारलं, दुसरा कुठं गेला?

डॉक्टर म्हणाली, कुठं गेला नाही, बीज तयार होतानाच सुटला. दोन-अडीच हजार मुलींमागं एकीत असं होतं. कुणाच्या चुकीनं नाही.

"मी नेला का?"

राजू बोलला होता. दारापाशी उभा, हातात रिक्षाची चावी. सगळे त्याच्याकडं वळले. डॉक्टरला प्रश्न कळला नाही, तेव्हा नाथूनं घसा खाकरून कालवडीची गोष्ट सांगितली. सांगताना त्यानं पोराकडं एकदा पाहिलं आणि त्याला कळलं की ते बोलणं कुठं कुठं जाऊन बसलं होतं. 

डॉक्टर हसली नाही. म्हणाली, गाईंचं तुमचं खरं आहे, तुम्ही बरोबर पाहिलंत. गाईच्या पोटात जुळ्यांना पोसणाऱ्या वारा एकमेकींना जुळतात, रक्त मिसळतं, आणि कालवडीची वाढ बिघडते. माणसाच्या जुळ्यांत तसं होत नाही. तुम्ही फक्त ते गोठ्यातून घरात आणलंत.

मग राजूकडं वळून म्हणाली, "तू हिचं काहीही घेतलेलं नाहीस. उलट तू हिला पाठीवरून खाली आणलंस."

राजूनं मान हलवली. बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, रिक्षाची पुढची काच तो फडक्यानं पुसत होता. स्वच्छ झाली तरी पुसत होता.

राहिलेलं डॉक्टरनं संजीवनीला सांगितलं. गोळ्या घ्याव्या लागतील, पुढची कितीतरी वर्षं. त्यानं हाडं टिकतील, अंग भरेल. उंचीचं वय गेलं, लहानपणी कळलं असतं तर चार बोटं वाढली असती. गर्भाशय आहे, बीजं नाहीत. स्वतःच्या बीजाचं मूल बहुतेक नाही. हृदय दरवर्षी तपासायचं, जन्मभर. चार बोटं वाढली असती, हे ऐकून चिमाबाईनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तुळजाबाई समोर पट्टा घेऊन उभी होती. सुपारी मोडल्यापासून दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. तुळजाबाईनं विचारलं, ताक आणलंस का वरनं? चिमाबाईनं पिशवीतून बाटली काढून दिली.

मग चिमाबाईनं डॉक्टरला नव्या शब्दात विचारलं. अजून तो तिच्या जिभेवर नीट बसत नव्हता. "गोळ्यांनी पाळी येईल?"

"येईल. दर महिन्याला."

"येऊ दे," संजीवनी म्हणाली. "पण आये, मी बाहेर बसणार नाय. तीन वर्सं बसले तेवढं पुरं झालं. तिथं आता करडं हायेत."

चिमाबाई खाली वाकली आणि लेकीच्या पायातली चप्पल काढली. डॉक्टरनं त्या दिवशी जिथं बोटं ठेवली होती तिथं, अंगठ्याच्या रेषेत, पावलाच्या उंचवट्यावर तिनं आपली दोन बोटं ठेवली. लागेना. जरा सरकवली. थांबली. पाऊल कोमट होतं.

मग लागलं. करडू आईला ढुशा देतं तसं, आतून, बारीक, पुन्हा पुन्हा.

"काय गो करतेस?" संजीवनी म्हणाली. "गुदगुल्या होतात."

"गप बस," चिमाबाई म्हणाली. "मोजतेय."